माल किती मागवावा आणि केव्हा? साठ्याच्या गणिताविषयी, नागपुरातील घाऊक व्यापाराच्या संदर्भात

इतवारीकर (धागाकर्ता)

इतवारीत आमचे विजेच्या सामानाचे घाऊक दुकान आहे. एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप बंद होणारे स्विच), साधे स्विच, वायर यांचा खप बाराही महिने असतो, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत कूलर, कूलरचे पंप, मोटरी आणि वाळ्याच्या ताट्या यांचा. खरेदीचा निर्णय आजवर मोठे बाबा घेत आले आहेत. आता हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूसमोर "किफायतशीर मागणी-संख्या" असा एक रकाना येतो, आणि त्यातला आकडा मोठ्या बाबांच्या आकड्याशी क्वचितच जुळतो. कोणाचा आकडा बरोबर, हा वाद घालण्याऐवजी तो रकाना नेमका कशावर उभा आहे हे समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

त्यामागचे सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली मांडले. पुढे आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये त्याचा प्रसार केला आणि पुष्कळ ठिकाणी सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मुळातली ओढाताण अशी की थोडा थोडा माल वारंवार मागवला तर प्रत्येक खेपेचा ठरावीक खर्च (बिल्टी, हमाली, फोनाफोनी, माल मोजून घेणाऱ्याचा वेळ) वाढतो, आणि एकदम जास्त मागवला तर पैसा अडकून पडतो, गोदामाचे भाडे आणि व्याज चढते. वार्षिक खप, एका खेपेचा खर्च आणि दोन यांच्या गुणाकाराला एका नगाच्या वार्षिक साठवणूक खर्चाने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे, एवढेच ते सूत्र आहे.

समजा एका एमसीबीची खरेदी किंमत २०० रुपये आहे, वर्षाला ३,६०० नग खपतात, एका खेपेला ४५० रुपये लागतात आणि साठवणुकीचा खर्च किमतीच्या १८ टक्के, म्हणजे नगामागे ३६ रुपये धरला. उत्तर बरोबर ३०० नग येते. वर्षाला बारा खेपा होतात, खेपांचा खर्च ५,४०० रुपये, साठवणुकीचाही ५,४०० रुपये, एकूण १०,८००.

आता मोठे बाबा ४५० नग मागवतात असे धरू. आठ खेपांचे ३,६०० आणि साठवणुकीचे ८,१०० मिळून ११,७०० रुपये होतात. संख्या दीडपट झाली, परंतु खर्च जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला. दुप्पट, म्हणजे ६०० नग मागवले, तरी वाढ पंचवीस टक्क्यांचीच आहे, आणि ती वस्तूच्या किमतीवरची नसून या दोन खर्चांच्या बेरजेवरची आहे. वर्षाला सात लाख वीस हजारांची खरेदी असताना नऊशे रुपयांच्या फरकासाठी घरात मतभेद होणे मला तरी पटत नाही.

मग माझा प्रश्न असा की किमान खर्चाच्या आसपास हे सूत्र इतके सपाट असेल, तर गणिताची खरी मदत कोठे होते? त्यातून हे सूत्र मागणी वर्षभर एकसारखी आणि आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरते. नागपूरच्या कूलरला ते लावणे म्हणजे मे महिन्याची सरासरी डिसेंबरशी काढण्यासारखे आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

बजाजनगर_संशोधक

आपण सूत्राच्या सपाटपणाकडे लक्ष वेधलेत, हे फार बरे झाले, कारण पाठ्यपुस्तके वर्गमूळाशी थांबतात आणि विद्यार्थी तेवढेच घेऊन बाहेर पडतात. खेपेचा खर्च ४५० की ९०० याविषयी आपला अंदाज दुपटीने चुकला, तरी एकूण खर्च सहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो. म्हणून "किती" या प्रश्नावर फार काळ घालवू नये. "केव्हा" हा प्रश्न मात्र अजिबात सपाट नाही, आणि माझ्या मते दुकानाचे खरे नुकसान किंवा बचत तेथेच होते.

हंगामातील पंपाचे उदाहरण घेऊ. समजा रोज सरासरी ४० पंप जातात आणि रोजच्या खपाचे प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडे किती वरखाली होतात याचे माप) १५ आहे. दिल्लीहून किंवा गुजरातेतून माल यायला सरासरी ९ दिवस लागतात, पण तो कधी ६ दिवसांत येतो, तर कधी १२ दिवसांत. म्हणून तेथील प्रमाण विचलन ३ दिवस धरू. माल वाटेत असतानाच्या काळात सरासरी ३६० पंप खपतील. परंतु ३६० उरले असताना ऑर्डर दिली, तर जवळजवळ निम्म्या वेळा माल पोहोचण्याआधी साठा संपेल. वरचा सुरक्षा साठा, म्हणजे तुटवडा पडू नये म्हणून ठेवलेला जादा माल, किती ठेवायचा, हे दोन अनिश्चितता एकत्र करून काढावे लागते. खपातील अनिश्चिततेसाठी ९ गुणिले १५ चा वर्ग, म्हणजे २,०२५. पुरवठ्यातील अनिश्चिततेसाठी ४० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे १४,४००. बेरजेचे वर्गमूळ सुमारे १२८. दर शंभर खेपांपैकी ९५ खेपांत तुटवडा पडू नये अशी इच्छा असेल, तर १२८ ला १.६४५ ने (९५ टक्क्यांसाठीचा संख्याशास्त्राच्या कोष्टकातील आकडा) गुणायचे, म्हणजे सुरक्षा साठा सुमारे २११ पंपांचा झाला आणि ५७१ पंप उरले की ऑर्डर द्यायची.

या दोन आकड्यांकडे नीट पाहावे अशी विनंती आहे : २,०२५ आणि १४,४००. खपाचा अंदाज सुधारण्यासाठी आपण महागडे सॉफ्टवेअर घेतले आणि खपाचे विचलन निम्म्यावर आणले, तरी सुरक्षा साठा २११ वरून २०१ पर्यंतच उतरतो. याउलट ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलून, किंवा थोडे जास्त भाडे देऊन, पोहोचण्याच्या दिवसांतील विचलन ३ वरून दीडवर आणले, तर सुरक्षा साठा १२३ वर येतो. बहुतेक दुकानदार खपाचा अंदाज बांधण्यात डोके शिणवतात, आणि माल केव्हा पोहोचतो याची नोंद कोणीच ठेवत नाही. ऑर्डर दिल्याची तारीख, बिल्टीची तारीख आणि माल गोदामात उतरल्याची तारीख असे तीन रकाने एका हंगामापुरते ठेवले, तरी या सूत्राला लागणारी सामग्री मिळते.

रस्ता चांगला झाला म्हणजे हा प्रश्न सुटला, असेही नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि भिवंडीकडून येणाऱ्या गाडीचे धावण्याचे तास निश्चितच कमी झाले. पण किरकोळ भरतीचा माल गाडी पूर्ण भरेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून राहत असेल, तर सरासरी उतरते आणि विचलन तसेच राहते. सुरक्षा साठा विचलनावर ठरतो.

आणखी एक गोष्ट. "९५ टक्के सेवा" या शब्दप्रयोगाखाली दोन वेगळ्या मोजमापांची गल्लत होते. मी वर वापरले ते मोजमाप, म्हणजे किती खेपांत अजिबात तुटवडा पडला नाही. ग्राहकाला मात्र मागितलेल्या शंभर पंपांपैकी किती हातात पडले, याच्याशी देणेघेणे असते. एका खेपेला ६०० पंप मागवत असाल, तर २११ च्या सुरक्षा साठ्यावर मागणीपूर्तीचे हे दुसरे प्रमाण ९९.५ टक्क्यांच्या आसपास जाते. तुम्हाला ९६ टक्के पूर्ती पुरेशी वाटत असेल, तर अवघा ६९ पंपांचा सुरक्षा साठा चालतो. सॉफ्टवेअरमध्ये ९५ हा आकडा भरण्याआधी ते कोणते ९५ विचारते आहे, हे पाहून घ्यावे.

गांधीबाग_घाऊक

चर्चा वाचून आनंद झाला, पण व्यवहारात कंपनीचा माणूस येतो तो योजना घेऊनच येतो. हजार नग घ्या, दोन टक्के सूट घ्या. उधारीही तीस दिवसांची. अशा वेळी वर्गमूळातून आलेले ३०० घेऊन काय करायचे? माझ्या वडिलांच्या पिढीने योजनेवरच दुकाने उभी केली.

इतवारीकर (धागाकर्ता)

भाऊ, तुमच्या प्रतिसादानंतर मी तोच हिशेब करून पाहिला. एमसीबी १९६ रुपयांना पडला, तर ३,६०० नगांवर वर्षाला १४,४०० रुपये वाचतात. हजारांच्या खेपेने साठवणुकीचे १७,६४० आणि खेपांचे १,६२० मिळून १९,२६० रुपये होतात, म्हणजे आधीच्या १०,८०० पेक्षा ८,४६० जास्त. तरीही ५,९४० रुपये हाती उरतात, तेव्हा योजना घ्यावी. हीच सूट एक टक्का असती, तर बचत ७,२०० आणि वाढीव खर्च ८,६४०, म्हणजे १,४४० रुपयांचा तोटा. म्हणजे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आणि सूत्र यांत विरोध नाही. किती टक्क्यांच्या खाली योजनेला नमस्कार करायचा, एवढे सूत्र सांगते.

उधारीचा मुद्दाही गणितात बसतो. पुरवठादार तीस दिवस थांबत असेल, तर त्या काळात अडकलेला पैसा आपला नसतो, त्यामुळे साठवणूक खर्चातील व्याजाचा भाग कमी होतो. या विषयावर एस. के. गोयल यांचा १९८५ चा शोधनिबंध पायाभूत मानला जातो. गोदामाचे भाडे आणि माल जुना पडण्याची जोखीम मात्र उधारीने कमी होत नाही, आणि योजनेच्या उत्साहात हेच नेमके विसरले जाते.

गांधीबाग_घाऊक

एक टक्क्याचा हिशेब पटला. वडिलांना दाखवतो.

सक्करदरा_सांख्यिकी

कूलरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वर्षभर चालणारी वस्तू आणि एका हंगामाची वस्तू यांचे गणितच वेगळे आहे. हंगामी वस्तूसाठी जे प्रारूप वापरतात त्याला वर्तमानपत्र विक्रेत्याचे प्रारूप म्हणतात, कारण सकाळी घेतलेला अंक संध्याकाळी रद्दीत जातो. बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी, या प्रश्नावर एजवर्थ यांनी १८८८ मध्ये याच धर्तीचा विचार मांडला होता. साठ्याच्या शास्त्रात तो १९५१ च्या सुमारास ॲरो, हॅरिस (हे वेगळे) आणि मार्शाक यांच्या लेखनानंतर रुजला.

त्यात दोनच आकडे लागतात. एक कूलर कमी पडला तर किती नफा बुडतो, आणि एक उरला तर किती नुकसान होते. समजा कूलर ६,००० ला घेतला, ७,५०० ला विकला, आणि पावसाळ्यात उरलेला, गंजाचा व वर्षभराच्या व्याजाचा विचार करता, ५,२५० चाच राहिला. कमी पडल्यास १,५०० बुडतात, उरल्यास ७५० जातात. १,५०० भागिले २,२५०, म्हणजे दोन तृतीयांश. अर्थ असा की तीनपैकी दोन हंगामांत पुरेल आणि एकात कमी पडेल एवढा माल भरावा. सरासरी मागणी ४०० आणि विचलन १२० असेल, तर त्याच कोष्टकानुसार सुमारे ४५२ कूलर. पण नफा ६०० आणि उरल्यास नुकसान १,८०० असेल, तर हेच उत्तर ३१९ वर येते, म्हणजे सरासरीपेक्षाही कमी. "सरासरी खपाएवढा माल भरावा" हा नियम दोन्ही रकमा समान असतील तेव्हाच योग्य ठरतो, आणि दुकानात त्या समान असल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

यात एक खड्डा आहे. आपल्या वहीत मागणी नसते, विक्री असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कूलर संपले आणि नंतर आलेली गिऱ्हाइके परत गेली, तर वही त्या हंगामाची मागणी कमी दाखवते. पुढच्या वर्षी तो आकडा सरासरीत घेतला की पुन्हा कमी माल, पुन्हा तुटवडा आणि पुन्हा कमी नोंद, असे चालू राहते. ज्या दिवशी माल शिल्लक नव्हता त्या दिवसांवर निदान खूण करावी आणि सरासरी उरलेल्या दिवसांवरून काढावी. २०२० चा हंगाम तर हिशेबातून वगळावाच लागतो, कारण २५ मार्चला टाळेबंदी लागली ती नेमकी कूलरच्या हंगामाच्या तोंडावर. त्या वर्षीचा आकडा उन्हाविषयी काहीच सांगत नाही.

दुसरे असे की सगळा माल फेब्रुवारीतच भरण्याची सक्ती नसेल, तर तसे करू नये. फिशर आणि रमण यांनी १९९६ मध्ये बर्फावरील खेळांच्या कपड्यांच्या एका कंपनीच्या आधारे दाखवले की हंगामाच्या सुरुवातीची थोडीशी विक्री पाहून केलेला अंदाज आधीच्या अंदाजापेक्षा पुष्कळ नेमका असतो. आपल्याकडे मार्चअखेरची विक्री हाती आल्यावर दुसरी ऑर्डर देता आली, तर एप्रिलमधील अवकाळी पाऊस आपले सगळे भांडवल अडकवू शकणार नाही.

दवाबाजार_नागपूर

आमच्या औषधांच्या धंद्यात बहुसंख्य वस्तूंचा खप रोजचा नसतो. एखादे इंजेक्शन तीन-तीन महिने कोणी विचारत नाही आणि मग एकदम एका रुग्णालयाची सहा नगांची मागणी येते. अशा तुटक मागणीवर साधी चल सरासरी लावली, की मागणी येऊन गेल्यावर लगेच अंदाज सर्वांत मोठा होतो, म्हणजे गरज सरल्यावर माल भरला जातो. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यावर साधा उपाय सुचवला : मागणी आली तर ती सरासरी किती नगांची असते आणि दोन मागण्यांमध्ये सरासरी किती काळ जातो, हे दोन अंदाज वेगवेगळे ठेवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. सरासरी सहा नग, सरासरी चार महिन्यांनी, तर महिन्याला दीड. ही पद्धत अंदाज किंचित जास्त काढते, हे सिंटेटॉस आणि बॉयलन यांनी नंतर दाखवले आणि २००५ मध्ये तिची दुरुस्तीही प्रसिद्ध केली.

पण वरच्या प्रतिसादांतील एक गोष्ट आमच्याकडे चालत नाही. "एक नग कमी पडला तर किती नफा बुडतो" हा प्रश्न सर्पदंशावरील प्रतिविषाला विचारता येत नाही. धान पेरणीच्या दिवसांत ग्रामीण रुग्णालयाला ते मिळाले नाही, तर बुडालेला नफा हा हिशेब करणेच गैर आहे. म्हणून रुग्णालयांच्या भांडारात औषधांची अत्यावश्यक, आवश्यक आणि ऐच्छिक अशी वर्गवारी करतात, आणि पहिल्या वर्गाची पातळी वैद्यकीय निर्णयाने ठरते. गणिताने त्यानंतरचे पाहावे : ती पातळी राखताना मुदत संपून किती माल वाया जाईल, आणि आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर जातो की नाही. आलेल्या क्रमाने माल काढण्याची सवय येथे महागात पडते, कारण नंतर आलेल्या बॅचची मुदत आधी संपू शकते.

बजाजनगर_संशोधक

आपला मुद्दा मान्य. एवढेच जोडतो की ऑर्डरची पातळी ठरली की तिच्यात तुटवड्याची किंमत आपोआप दडलेली असते. ९९ टक्के हंगामांत पुरेल इतका साठा ठेवणारा भांडारप्रमुख नकळत म्हणतो आहे की एक नग कमी पडणे हे एक नग वाया जाण्याच्या ९९ पट वाईट आहे. तो आकडा मोठ्याने म्हणून पाहिला की कधी पातळी वाढवावीशी वाटते, तर कधी उतरवावीशी.

हिंगणा_एमआयडीसी

मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमच्याकडे कूलरच्या पत्र्याच्या बॉडी तयार होतात. हॅरिस यांचे मूळ सूत्र दुकानासाठी नव्हतेच, कारखान्यात एका वेळी किती भाग बनवावेत यासाठी होते, आणि आमच्या प्रेसवर साचा बदलण्याचा खर्च हाच तेथला खेपेचा खर्च आहे. मागणी महिन्यागणिक बदलत असेल, तर वॅग्नर आणि विटिन यांची १९५८ ची पद्धत लागते. ती महिने एकत्र जोडून कोणत्या महिन्यात उत्पादन करायचे ते ठरवते. याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. घाऊक व्यापारी मार्चमध्ये ज्या ऑर्डरी देतात, त्या खपाचे चित्र दाखवत नाहीत. ऊन तापले आणि माल कमी पडेल अशी कुणकुण लागली, की चंद्रपूर, अमरावती, गोंदियाचे दुकानदार तीन-तीन घाऊक व्यापाऱ्यांकडे ऑर्डर नोंदवतात, घाऊक व्यापारी ती फुगवून आमच्याकडे पाठवतात, आणि पहिल्या पावसासरशी दोन तृतीयांश ऑर्डरी रद्द होतात. तळाशी थोडासा हेलकावा आणि आमच्यापर्यंत येता येता लाट. जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये या वर्तनाचे विश्लेषण केले, आणि ली, पद्मनाभन व वांग यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे मांडली : ऑर्डरींवरूनच अंदाज बांधणे, तुटवड्याच्या भीतीने फुगवून मागणे, खेपा एकत्र करून मागणे आणि किमतीतील योजना. चारही नागपुरात भेटतात. इतवारीकर, वरच्या दोन टक्के सुटीवर तुम्ही हजार नग घेतलेत, तर तुमच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे, पण त्या पुरवठादाराला तुमचा महिन्याचा खप ३०० आहे हे आता दिसणार नाही.

इतवारीकर (धागाकर्ता)

बरोबर आहे. मग ऑर्डरीऐवजी आमची आठवड्याची प्रत्यक्ष विक्री, आणि माल संपलेल्या दिवसांच्या खुणा, तुम्हाला कळवल्या तर उपयोग होईल का? त्या बदल्यात आम्हाला मार्चअखेरची दुसरी ऑर्डर हवी आहे. फेब्रुवारीत ४५२ बॉडी उचलण्याची आमची तयारी नाही.

हिंगणा_एमआयडीसी

उपयोग निश्चित होईल. बॉडी बनवून ठेवणे मला परवडणार नाही, पण पत्रा राखून ठेवता येईल, कारण उरलेला पत्रा कपाटांच्या कामात जातो. त्यात मला नगामागे साधारण दीडशे रुपयांचा फटका बसतो.

सक्करदरा_सांख्यिकी

मग गणित बदलते, आणि चांगल्या दिशेने. जो कूलर अजून पत्र्याच्या रूपात आहे, तो न लागल्याचे नुकसान ७५० नसून १५० आहे. १,५०० भागिले १,६५०, म्हणजे सुमारे ०.९१, त्यानुसार पत्रा ५६० कूलरांचा राखावा आणि फेब्रुवारीत बॉडी ३०० च्या आसपासच उचलाव्यात. ३०० हा आकडा सूत्रातून आलेला नाही, मार्चअखेरपर्यंत पुरेल एवढा माल म्हणून धरला आहे; तो तुमच्या वहीतून तपासावा. न वापरलेल्या प्रत्येक नगाचे ते दीडशे रुपये दोघांपैकी कोणी सोसायचे, हे मात्र पत्रा राखण्याआधी लिहून घ्यावे, कारण ते ज्याच्या माथी येतील तो ५६० हा आकडा कमी करायला बघेल आणि ज्याच्या माथी येणार नाहीत तो वाढवायला.

इतवारीकर (धागाकर्ता)

निम्मे-निम्मे, असा मोठ्या बाबांचा प्रस्ताव आहे. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.